सुकापूरपर्यंत बाभळीचं मेज

आमच्या गावातल्या जवळपास प्रत्येक घरातलं एक तरी माणूस पनवेलला आहे, पण पनवेल पाहून आलेलं म्हातारं माणूस गावात शोधूनही सापडायचं नाही. पोरं नाताळाला येतात, दोन दिवस झोपतात आणि जातात. विचारलं तर म्हणतात, तिथं बघण्यासारखं काही नाही, नुसतं बांधकाम. मी जाऊन आले. बघण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून लिहिते. माझी शाळा सहावीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. बाकी जे लिहिलंय ते या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी गेले ते एक मेज पोचवायला. ज्यांना आमच्या उपासनेची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, मूर्ती नसते. समोर भिंतीवर मोकळा क्रूस. मोकळा अशासाठी की ज्याला त्यावर टांगलं तो आता तिथं नाही, तो उठला. दाराशी तांब्याचं घंगाळ, बाप्तिस्म्याचं. ते आत कुठं तरी कोपऱ्यात नाही, दाराशीच, कारण मंडळीत शिरायचं ते पाण्यातून. एका अंगाला उपदेशाचं पीठ, जमिनीपासून उंच, कारण वचन आपल्या डोक्यावर असावं. आणि मधोमध प्रभुभोजनाचं मेज. आमचे जुने पाळकसाहेब सांगायचे, ही वेदी नाही बरं का, मेज आहे. वेदीवर बळी देतात. आपला बळी एकदाच होऊन गेला, आता उरली ती पंगत.

लग्न होऊन आले तेव्हापासून हे मेज मांडायचं काम माझ्याकडं. चादर धुवायची, इस्त्री करायची, भाकर भाजायची, काळ्या मनुका भिजत घालून प्याल्याचा रस काढायचा. त्या मेजावर रुमाल ठेवलेला मला चालायचा नाही. एकदा एका पाहुण्या उपदेशकानं चष्मा ठेवला होता, तो मी उपासना चालू असताना जाऊन उचलला.

मेज बाभळीचं आहे. शास्त्रात निवासमंडपातलं, म्हणजे देवाच्या तंबूतलं, मेज बाभळीच्या लाकडाचंच सांगितलंय, वर सोन्यानं मढवलेलं. आमच्या वाडवडिलांकडं सोनं नव्हतं, बाभळी मात्र बांधोबांध होत्या. त्यांनी खिळा न वापरता, लाकडाच्या खुंट्या मारून ते केलं. जड इतकं की चार माणसांनी उचलावं.

आता गावात मंडळीची घरं बोटांवर मोजण्याएवढी राहिली. देवळाचं छत गेलं, तेव्हापासून मेज एका बंद घरात ठेवलंय आणि आम्ही रविवारी तालुक्याच्या चर्चला जातो. आणि आमचीच पोरं तिकडं पनवेलला मंडळी जमवून उपासना करतात. म्हणून आमच्यातले सगळ्यात थोरले याकोबआबा म्हणाले, मेज पनवेलला जाऊ द्या. कुलूपबंद घरात मेज कशाला. पण मला बाजूला घेऊन ते आणखी एक बोलले.

"सुमन, तूच घेऊन जा. नीट जागा दिली तर ठेव. पण कुणाचं खरकटं त्याच्यावर सांडताना दिसलं, तर एक शब्द न बोलता परत घेऊन ये. इथं पडून राहिलं तरी चालंल."

हे ओझं मेजापेक्षा जड होतं.

घाटाखाली

गावचा शेषराव टेम्पो घेऊन उरणकडे माल टाकायला निघाला होता. परतताना सोमवारी पनवेलवरूनच येणार होता. मेज मागं, गोधड्यांत गुंडाळून, दोरीनं बांधलेलं. मी पुढं त्याच्या शेजारी. मला काळजी करायची सवयच आहे. प्रत्येक खड्ड्याला मी मागं वळून बघायची. शेवटी शेषराव म्हणाला, "काकू, मेज पळून जाणार नाही. पण तुमची मान जाईल."

त्याचे उपकार आहेत. मला उलटी होईल म्हणून त्यानं लिंबं आणली होती आणि घाटात गाडी इतकी हळू घेतली की मागचे ट्रकवाले शिव्या देत होते.

घाट उतरला की हवा बदलते. आपल्याकडं उन्हाळ्यात ऊन अंगाला भाजतं. इथं हवा अंगाला चिकटते. पदर ओला होतो आणि वाळत नाही. डोंगर मात्र हिरवे, आणि दूर कर्नाळ्याचा सुळका, आभाळाकडं अंगठा दाखवावा तसा. मध्येच एखादा डोंगर अर्धा कापून नेलेला, आतली तांबडी माती उघडी. नव्या विमानतळाच्या नि उलव्याच्या बाजूला जाणारे डंपर एकामागं एक. आमची पोरं याच धुळीत कमावतात.

माझा भाचा सुनील, धाकट्या बहिणीचा मुलगा, सुकापूरला राहतो. उलव्याला एका साइटवर सुपरवायझर आहे आणि तिथल्या मंडळीचा सेक्रेटरीही तोच. सुकापूर म्हणायला गाव, पण जिकडं बघावं तिकडं इमारती. इमारतींच्या मध्ये एखादं जुनं कौलारू घर, अंगणात माडाचं झाड, त्याच्या बुंध्याशी कोणाची तरी बुलेट.

सुनील पाया पडला, चहा झाला, आणि मग तो डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, एक अडचण आहे."

"बोल."

"हॉल भाड्याचा आहे. आठवडाभर तिथं क्लास चालतो. रविवारी उपासना झाली की आपलं सगळं उचलून आणावं लागतं. मालकांची तेवढी एकच अट आहे."

"सगळं म्हणजे?"

"क्रूस गुंडाळतो. बॅनरसारखा आहे, वर दोन खिळ्यांना अडकवायचा. पुलपिट काचेचं आहे, त्याची घडी होते. बाप्तिस्म्याला स्टीलचं भांडं. सगळं एका बॅगेत बसतं."

"आणि प्रभुभोजन?"

त्यानं कपाटातून एक खोका काढला. आत बोटभर उंचीचे प्लास्टिकचे प्याले, वरून चकतीसारखं झाकण चिकटवलेलं. झाकणाखाली पातळ भाकर, तिच्याखाली रस. "करोनापासून हेच चालतं. स्वच्छ असतं. प्रत्येकानं आपापलं उघडायचं, मेज लागतच नाही."

मी एक हातात घेऊन पाहिलं. हलवलं तर आवाज आला.

"मग मेज कशाला मागवलंत?"

"मागवलं नव्हतं, मावशी. आबांनी पाठवतो म्हटलं. आबांना नाही कोण म्हणणार?"

मला राग यायला हवा होता. पण त्याच्या तोंडाकडं बघून हसूच आलं. आबांना नाही म्हणण्याची हिंमत माझ्यातही नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच्या काचेच्या पुलपिटाबद्दल तो जे बोलला ते मला आवडलं. म्हणाला, "काच का घेतली माहितीये? उपदेश करणाऱ्याचे पायसुद्धा दिसावेत. त्यानं काही लपवू नये." आमच्या पीठामागं तर पाळकसाहेब कधीकधी वहाणा काढून उभे राहायचे, कोणाला कळायचं नाही.

रविवारपर्यंत मेज ठेवायला जागा हवी होती. सुनीलच्या इमारतीखाली पत्र्याच्या शेडमध्ये बेबीताईची खानावळ आहे. बेबीताई तिथल्याच, आगरी. साइटवरचे मजूर दोन्ही वेळ तिच्याकडं जेवतात, सुनीलही. शेषरावानं मेज तिथं कोपऱ्यात उतरवलं आणि तो उरणला गेला. मी बेबीताईला हात जोडून म्हणलं, "ताई, हे देवाचं मेज आहे. तेवढं नीट ठेवा."

"काय काळजी करू नको," बेबीताई म्हणाली. "देवाचा हाय ना, मंग आमी बघतो."

शुक्रवार, दिवेलागण

हॉलच्या मालकांना विचारून मेज उद्याच वर नेऊन ठेवावं म्हणून सुनील मला जुन्या पनवेलला घेऊन गेला. मालक शिमोनकाका, बँकेतून निवृत्त झालेले, इथले जुने ज्यू. मला आधी कळेना, हे मराठी इतकं आपल्यासारखं कसं बोलतात. तेच हसून म्हणाले, "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले. घाण्याचे तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे."

त्यांची मुलं परदेशी गेलेली. घरात ते आणि त्यांच्या मिसेस. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, काचेच्या पेल्यात तेल नि त्यात पेटती वात, दोन पाव पांढऱ्या फडक्यानं झाकलेले, शेजारी मिठाची वाटी आणि एक चांदीचा प्याला. प्याल्यात काय आहे ते मी वासावरून ओळखलं.

"मनुकांचा रस आहे का?"

"हो. सकाळी भिजत घातल्या," काकी म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडंही असाच काढतात. उकळून की नुसता चोळून?"

"चोळून. मग गाळायचा."

"आम्ही थोडा उकळतो. उन्हाळ्यात आंबतो ना."

बायकांचं बोलणं असं जुळलं की पुरुष बाजूला पडतात, तसं झालं. सुनीलनं दोनदा घसा खाकरला. शेवटी त्यानं विषय काढला. शिमोनकाका शांतपणे म्हणाले, "उद्या नाही. शनिवारी माझ्या जागेत ओझं उचललं जात नाही, माझं नाही आणि दुसऱ्याचंही नाही. उद्या संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसले की किल्ली घ्यायला या. मेज रविवारी सकाळी न्या."

नाही म्हणण्याची ही पद्धत मला आवडली. त्यात आडवळण नव्हतं.

निघताना मी विचारलं, पावाला मीठ कशाला. ते म्हणाले, "पूर्वी यरुशलेमात मंदिर होतं, वेदी होती, अर्पणाला मीठ लावायचे. मंदिर पडलं. मग आमच्या लोकांनी ठरवलं, आता घरातलं जेवणाचं टेबल हीच वेदी. ज्या टेबलावर पाहुणा जेवतो, गरीब जेवतो, ते देवाला पोचतं. म्हणून मीठ."

आम्ही म्हणतो वेदी नाही, मेज. ते म्हणतात मेज हीच वेदी. परतताना रिक्षात मी सुनीलला म्हणलं, "दोघंही खरे कसे?" तो म्हणाला, "मावशी, मला भूक लागलीय."

शनिवार

सकाळी लवकर उठून मेजाला जवसाचं तेल लावावं म्हणून बाटली आणि फडकं घेऊन खाली गेले. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबले.

मेज मधोमध आणलेलं होतं. गोधड्या सोडलेल्या. दोन्ही बाजूंनी मजूर बसलेले, कोणी बिहारचा, कोणी आमच्याच परभणीकडचा. ताटांत तांदळाची भाकरी, सुकटाचं कालवण. कालवण ताटातून मेजावर आलेलं, तेलाचा नि मसाल्याचा तांबडा ओघळ बाभळीच्या रेघांत मुरत चाललेला. आबांचे शब्द कानात होते. मला वाटलं, झालं. माझ्या हातूनच झालं.

माझं तोंड बघून एकानं ताट उचलून मांडीवर घेतलं. मग दुसऱ्यानं.

"ताई," मी म्हणलं, "मी सांगितलं होतं ना, हे देवाचं मेज आहे."

बेबीताई चुलीवरून वळली. तिच्या तोंडावर काही चुकल्याची खूण नव्हती. "बोल्लीस ना. म्हनून तर. देवाचा मेज हाय तर त्याला उपाशी ठेवू काय? आमच्यात देवाचा पाट रिकामा ठेवत नाय. पयला पान त्याला ठेवला, हात जोडले, मंग या पोरांना वाढला. बघ, त्याचा पान अजून हाय."

खरंच होतं. मेजाच्या एका टोकाला केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाकरीचा कोर, चिमूटभर सुकट आणि एक फूल. त्या टोकाला कोणी बसलेलं नव्हतं.

चष्मा उचलणारी मी. पण ही बाई मेजाचा अपमान करत नव्हती. तिला जे येत होतं त्यातलं सगळ्यात मानाचं तिनं केलं होतं. फक्त आपल्या देवाला सुकट दाखवायची रीत आमच्यात नाही.

"सुकट?" मी एवढंच म्हणलं.

"मंग काय? आमची एकवीरा आई खाते. तुझा देव नाय खात?"

सुनील मागं येऊन उभा राहिला होता. "खातो, ताई," तो म्हणाला. "मेलेल्यातून उठल्यावर त्यानं भाजलेला मासाच मागून खाल्ला होता. आणि त्याचे अर्धे शिष्य तर मासेमारच."

"मंग माजा काय चुकला?" बेबीताई म्हणाली, आणि सगळे मजूर हसले. मी सोडून.

दिवसभर मी ते मेज घासलं. राख लावली, लिंबू लावलं, शेवटी भांड्याचा साबण. ओघळ फिका झाला, गेला नाही. बाभूळ असंच, जे पितं ते सोडत नाही. बेबीताई अधूनमधून येऊन बघायची आणि म्हणायची, "अगो, मेज हाय तो. डाग पडनारच." नंतर तिलाच वाईट वाटलं असावं, कारण दुपारी तिनं मला हाताला धरून जेवायला बसवलं, खाली, तिच्याजवळ.

जेवताना ती बोलली ते लक्षात राहिलं. म्हणाली, आमची शेती व्हती तवा खळ्यावर येनारा जेवून जायचा, वाटसरू असला तरी. जमीन गेली, खळा गेला. मानसा मात्र जास्तच आली. म्हनून ही शेड.

संध्याकाळी तिच्याच गॅसवर मी उद्याची भाकर भाजली. आमच्याकडं प्रभुभोजनाची भाकर भाजताना बाई बोलत नाही. पीठ मी गावाहून आणलं होतं, ज्वारीचं. बेबीताईनं ते चिमटीत घेतलं, चोळलं, आणि माझं न बोलणं तिला रुसणं वाटलं. मग ती दोघींच्या वाटचं बोलत राहिली. पाण्यावर भाकरी थापायची तिची रीत वेगळी, ओल्या हातानं, तांदळाची पांढरीशुभ्र, चंद्रासारखी. माझी कोरड्या पिठावर, थोडी काळपट. ती म्हणाली, "तुजी भाकरी काली, माजी गोरी." मी हसले, आणि न बोलायची रीत तिथं मोडली.

तीन तारे दिसल्यावर सुनील जाऊन किल्ली घेऊन आला.

रविवार

हॉल सुनीलच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, मध्ये वळण. मेज जिन्याच्या तोंडाशी आलं तेव्हा मंडळीतले पुरुष इस्त्रीच्या शर्टात गोल उभे राहून सल्ले द्यायला लागले. कोणी म्हणालं पाय कापा. तेवढ्यात बेबीताईकडचे चार-पाच मजूर आले, सुट्टीच होती त्यांची. त्यांनी कोणाला विचारलं नाही. दोन बांबू आणले, मेजाच्या दोन्ही अंगांना दोरखंडानं बांधले, बांबू खांद्यावर घेतले आणि मेज आडवं करून, तिरकं करून, एकमेकांना हाका देत वळणावरून वर नेलं. सिमेंटच्या गोण्या रोज उचलणाऱ्यांना बाभळीचं काय.

शिमोनकाका खाली उभे होते. "शास्त्रातल्या मेजालाही कड्या होत्या," ते मला म्हणाले. "कड्यांत दांडे घालून उचलून न्यायचे."

"आणि तेही बाभळीचंच," मी म्हणलं.

"हो. आमचे पूर्वज रानातून चालत होते ना चाळीस वर्षं. एका जागी बसणारं सामान त्यांच्या काय कामाचं."

सुनीलनं ऐकलं. "म्हणजे आपलं बरोबर आहे, मावशी. आपण अजून रानातच आहोत." त्याच्या आवाजात रड नव्हती. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाचा एक ताठा असतो, तो होता.

हॉलमध्ये फळ्यावर क्लासची गणितं तशीच होती, त्यांच्यावरून क्रूसाचा बॅनर सोडला. काचेचं पुलपिट एका अंगाला. मधोमध मेज. मी पांढरी चादर पसरली. ही चादर म्हणजे प्रभूला गुंडाळलं ते वस्त्र, आणि लग्नाच्या पंगतीवरची चादरही तीच, असं मला सासूनं शिकवलं होतं. आज ती चादर आणखी एका कामाला आली, खालचा सुकटाचा डाग झाकायला. मी हात फिरवून सुरकुती काढली आणि म्हणलं, प्रभू, तुला माहीत आहे खाली काय आहे.

त्यांचे तरुण पाळक पुण्याहून येतात. त्यांनी मेजावर माझी भाकर ठेवली, प्याला ठेवला, आणि शेजारी प्लास्टिकच्या प्याल्यांचा तो खोकाही ठेवला, ज्याला जे हवं त्यानं ते घ्यावं म्हणून. बहुतेकांनी भाकर घेतली. एक खोकणाऱ्या आजी होत्या, त्यांनी खोक्यातला प्याला घेतला, तेही बरोबर. आमच्या गावचीच एक मुलगी ज्वारीचा तुकडा तोंडात टाकून रडायला लागली. कितीतरी दिवसांनी चव आली म्हणाली.

मी खूष व्हायला हवं होतं. झाले होतेच. आणि मग माझी नजर दाराकडं गेली. मेज वर आणणारे ते चार-पाच जण दाराबाहेर वहाणा काढून उभे होते. आत यायला कोणी अडवलं नव्हतं. पण प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यायचं असतं, ही रीत आहे आणि ती मी मानते. त्यामुळं भाकरीचं ताट दारापर्यंत गेलं आणि वळलं. ज्यांच्या खांद्यावरून मेज आलं, त्यांना त्या मेजाशी जागा नव्हती. परभणीकडचा तो मुलगा मात्र शांतपणे बघत होता, जणू त्याच्या घरचंच कार्य आहे.

त्या क्षणी मला कळलं की मेज आठवडाभर कुठं राहायचं.

उपासनेनंतर मी सुनीलला सांगितलं, मेज बेबीताईच्या शेडमध्येच राहू दे. "मावशी, तुला चालेल? तू तर रुमाल ठेवू देत नव्हतीस."

"रविवारी या मेजाशी आपण बसतो. बाकी दिवस ज्यांना वर बसता येत नाही त्यांनी बसावं. शनिवारी रात्री घासायचं, रविवारी सकाळी न्यायचं. चादर स्वच्छ असली की झालं."

"आणि आबा?"

आबांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, एवढंच सांगते.

सोमवार

शेषराव सकाळीच टेम्पो घेऊन शेडसमोर आला. मागचं फाळकं उघडं टाकून म्हणाला, "काकू, न्यायचं की ठेवायचं?"

मी आबांना फोन लावला. त्यांच्या नातवानं त्यांच्या कानाला धरला.

"आबा, सलाम."

"सलाम. मेज बसवलं का?"

"रविवारी बसवलं. सगळ्यांनी त्याच्यावरची भाकर खाल्ली. पण हॉल भाड्याचा आहे, तिथं आठवडाभर ठेवता येत नाही. म्हणून खाली एक खानावळ आहे, तिथं राहील."

"कशात?"

"खानावळीत. मजूर जेवतात."

"आपले?"

"आपले आणि सगळेच."

मागं त्यांच्या अंगणातली शेळी ओरडत होती.

"मग खरकटं सांडत असंल," ते म्हणाले.

"सांडलंय. सुकटाचा डाग पडलाय, मी पुष्कळ घासला, निघाला नाही. तुम्ही सांगितलं होतं परत आण, म्हणून विचारते. शेषराव उभा आहे, तुम्ही म्हणाल तर आत्ता चढवते. पण मला विचाराल तर इथं ठेवावं. ती बाई आधी देवाला पान वाढते, मग माणसांना."

मला वाटलं फोन कटला. मी "आबा, आबा" केलं.

"ऐकतोय," ते म्हणाले. "पोटभर वाढती का ती बाई?"

मी शेडमध्ये पाहिलं. बेबीताई परभणीच्या मुलाच्या ताटात तो नको नको म्हणत असताना भात लोटत होती.

"वाढते, आबा. नको म्हणलं तरी वाढते."

"हाव," आबा म्हणाले. "मग शेषरावाला म्हणावं, रिकामाच ये."

शेषरावानं ते ऐकलंच होतं. त्यानं फाळकं लावलं, दोरी सीटखाली टाकली, हात धुतले आणि मेजाशी जाऊन बसला. बेबीताईनं विचारलं, "सुकट चालंल ना, भाऊ?" तो चालेल म्हणाला. ताट मी वाढलं.